सायेब, तीन

पोलादपूरहून महाड एमआयडीसीला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये रोज सकाळी शब्दांचा खेळ चालतो. कागदावर बारा शब्द लिहायचे. त्यांतले आपल्या बाजूचे कोणते, हे फक्त म्होरक्याला ठाऊक. त्याने एकच शब्द आणि एक आकडा बोलायचा, त्यावरून आम्ही तेवढे शब्द ओळखायचे. एक शब्द विषारी असतो. त्यावर बोट पडलं की हरलात, आणि हरलेल्यांनी गेटपर्यंत उभं राहायचं.

मी लॅबमधला केमिस्ट. पहिल्याच दिवशी म्होरक्या झालो. ‘लिंबू’ आणि ‘चिंच’ यांच्यासाठी ऐटीत म्हणालो, "अ‍ॅसिड, दोन." आमच्या गड्यांनी एकमताने ‘बूट’वर बोट ठेवलं. नेमका तोच विषारी! ज्यांचे बूट प्लांटमधल्या अ‍ॅसिडने खाल्लेत, त्यांना चिंच कशी आठवणार?

दुसऱ्या दिवशी बॉयलरवरचे कानटोपीवाले काका म्होरके झाले. त्यांचं नाव मी आजतागायत विचारलेलं नाही. ते कागदाकडे बघायचेच नाहीत. सुपारी चघळत एकेकाचं तोंड न्याहाळायचे.

"शब्दांत काय हाय, सायेब?" ते मला म्हणाले. "ऐकनारा कोन हाय, त्याला बघा."

एकदा आमचे तीनच शब्द उरले आणि ओळखायची पाळी माझी आली. काकांनी मला बराच वेळ न्याहाळलं, आणि खूण दिली, "सायेब, तीन."

मी निमूटपणे ‘घोरणं’, ‘कंगवा’ आणि ‘बढाई’ यांवर बोट ठेवलं.

तिन्ही बरोबर आले. आम्ही जिंकलो, पण त्या दिवशी मी आपणहूनच गेटपर्यंत उभा राहिलो.