गुरांच्या दवाखान्याचा अर्ज बोरीबंदरला

राज्य नवं झालं, राजधानी मुंबई ठरली, तेव्हा गुरांचा दवाखाना मागायला आमच्या गावातून कुणीतरी तिथं जाणं भाग होतं. सरपंच म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा. मी शाळामास्तर, अर्ज माझ्या अक्षरातला, म्हणून सोबत मी. जळगाव जामोदहून बस, नांदुऱ्याहून गाडी, आणि सकाळी बोरीबंदरला उतरलो.

बाजूच्या दारानं चहाला बाहेर पडलो. रस्ता ओलांडून मोठेबाबांनी मागे पाहिलं आणि पाहतच राहिले. घुमट, कमानी, फाटकावर दगडी सिंह आणि वाघ. सचिवालय ते हेच, असं त्यांनी ठरवून टाकलं. आपण आत्ता यातूनच आलो, असं मी सांगून पाहिलं.

"एवढा घुमट काय तिकिटं इकाले बांधतात काय?" ते म्हणाले.

थोरल्यांशी वाद घालायची आमच्यात रीत नव्हती. आत गेल्यावर तिकिटांची पाटी दाखवली, तर त्यांचं म्हणणं, सरकारी अर्जाला तिकीट लावावंच लागतं, तेच इथं मिळत असेल. पागोटं सारखं करून ते रांगेत उभे राहिले. पाऊण तासानं नंबर आला. त्यांनी अर्ज दोन्ही हातांनी आत सरकवला.

खिडकीतल्या बाबूंनी वर न बघता विचारलं, "कुठलं हवंय?"

"गुरायच्या दवाखान्याचं."

"स्टेशन कुठलं?"

"टेशन नांदुरा. पण दवाखाना गावात पाह्यजे."

मागची रांग हसली. बाबू हसले नाहीत. त्यांनी अख्खा अर्ज वाचला. मग समजावून सांगितलं की ही इमारत इंग्रजांनी रेल्वेसाठीच बांधली, तिला आपल्या राणीचं नाव दिलं. देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला सुटली तीसुद्धा इथल्याच जुन्या स्टेशनातून. सचिवालयाची बस बाहेर मिळेल. आणि जाता जाता म्हणाले, अर्जात तालुका लिहायचा राहिलाय.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद भिंतीला टेकवून तालुका लिहिला. मोठेबाबा ओशाळले असतील असं वाटलं, पण ते माझ्याकडेच बघत होते.

"मास्तर तू हायेस," ते शांतपणे म्हणाले, "अन् चूक टेशनवाल्यानं काढली."

सचिवालयात कुणी अर्ज उघडूनही पाहिला नाही. शिक्का मारून ठेवून घेतला. दवाखाना पुढे झाला खरा, पण शेजारच्या गावात. मोठेबाबा बैल घेऊन तिथवर चालत जात आणि डॉक्टरांना सांगत, मुंबईत आपला अर्ज एकाच माणसानं वाचला, त्याच्या हातात दवाखाना नव्हता.