सोळा नाणी आणि दोन गुडघे

सराफाच्या पेढीत काम करणाऱ्यांबद्दल लोकांना वाटतं, ही माणसं दिवसभर सोनं सांभाळतात. तसं काही नसतं हो! सोनं रोज संध्याकाळी मोजून तिजोरीत जातं. काउंटरवर मागे राहतात ते किस्से, आणि त्यांना कुणी कुलूप लावत नाही. सोलापुरातल्या सराफ कट्ट्यावर एका पेढीत मी तेवीस वर्षं काम करते. आता असं झालंय की एक किस्सा काढायला जावं तर चार घरंगळत खाली येतात. म्हणून आज फक्त भगवानअण्णा आणि त्यांची सोळा नाणी, एवढंच सांगते.

अण्णा माढ्याकडच्या एका साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून रिटायर झालेले. दिवाळीला बोनस मिळाला की बाकीचे लोक टीव्ही घ्यायचे, मिक्सर घ्यायचे. अण्णा सोन्याचं एखादं जुनं नाणं घ्यायचे. कधी मोहर, कधी पुतळी, कधी नखाएवढा होन. असं करत सोळा जमली. आणि त्याच वर्षांत त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या इंदूकाकींचे, दोन्ही गुडघे झिजत गेले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील. ठेवी मोडून निम्मा खर्च निघत होता. उरलेल्या निम्म्यासाठी काही नाणी विकायची, हे दोघांनी पाच मिनिटांत ठरवलं.

कुठली विकायची, हे ठरायला सहा महिने लागले!

*

पहिल्या दिवशी अण्णा आले ते होमिओपॅथीच्या बाटल्यांचा डबा घेऊन. प्रत्येक बाटलीत कापूस आणि कापसात एक नाणं.

"सुनीता, विकायला आलोय बरं का," म्हणाले.

मी वजनकाटा पुसून शून्यावर आणला. अण्णांनी पहिली बाटली उघडली आणि गोष्ट सुरू केली. ही मोहर नातेपुत्याच्या बाजारात कुणाकडे दिसली, त्या माणसाने चहा आधी पाजला की नंतर, तो किती वेळा नाही म्हणाला, हे किती वेळा परत गेले... दोन तास! सहाव्या बाटलीला आमचे शेठ खुर्ची ओढून बसले. दोन गिऱ्हाइकं मंगळसूत्र बघायचं सोडून ऐकत उभी राहिली.

शेवटी सगळी बुचं परत लागली. विकलं काहीच नव्हतं. उठता उठता अण्णांची नजर आमच्या शोकेसवर गेली.

"शेठ, ती गिन्नी जरा दाखवता का?"

तेवढ्यात काकींचा फोन आला. "विकली का?"

"बोलणी चालू आहेत," अण्णा म्हणाले आणि फोनवर हात ठेवून मला हळूच सांगितलं, "ती बाजूला ठेव, सोमवारी नेतो!"

सोमवारी गिन्नी न्यायला कुणी आलं नाही. काकी आल्या.

*

आमच्या पेढीला रस्त्यापासून तीन पायऱ्या आहेत. काकी पहिलीवर बसल्या, मग दुसरीवर, मग तिसरीवर. आत येऊन खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "पोरी, पाणी दे."

मी अठ्ठेचाळीसची आहे. पण काकींनी पोरी म्हटलं की पाणी जरा पळतच आणावंसं वाटतं.

"ह्यांची नाणी डब्यात गप पडून असत्यात," त्या शेठना म्हणाल्या. "माजं गुडघं मातुर रोज वाजत्यात. आज काय ते हितंच ठरवा!"

शेठनी मखमलीचे दोन ट्रे मांडले. एक 'विकायची', एक 'ठेवायची'. अण्णा निवडायला बसले.

"ही ठेवायची. हिच्यावर शिक्का पूर्ण आलाय. ही पण ठेवायची. हिच्यावर शिक्का अर्धाच आलाय, असं बघायला मिळत नाही. ही ठेवायची. ही पहिली. ही ठेवायची. ही शेवटची."

सोळाच्या सोळा एका ट्रेमध्ये! काकींनी रिकाम्या ट्रेवर बोट ठेवलं. मग अण्णांनी डब्याच्या तळातून एक सतरावं नाणं काढलं आणि मोठ्या त्यागाने 'विकायची'च्या ट्रेमध्ये ठेवलं. बँकेचं, प्लॅस्टिकच्या पाकिटातलं, लक्ष्मीचं चित्र असलेलं.

काकींनी चष्मा लावला. वाकल्या.

"अवं, हे माज्या भावानं मला भाऊबीजेला घातल्यालं हाय की!"

म्हणजे एवढ्या डब्यात अण्णांना विकण्यासारखं एकच सापडलं, आणि तेही त्यांचं नव्हतं! काकींनी ते रुमालात बांधलं आणि जेऊरच्या भावाचं नाव घेत घेत घरी नेलं.

*

पुढच्या महिन्यात मात्र अण्णांनी खरंच एक मोहर विकायला काढली. जरा काळवंडलेली, एका कडेला झिजलेली. "हिच्यावर माझा तेवढा जीव नाही," म्हणाले. एका ग्राहकाला दाखवायला म्हणून शेठकडे ठेवून गेले.

आता आमच्या पेढीची एक रीत आहे. मोडीला आलेला दागिना आधी कारागिराकडे जातो. तो मळ काढतो, धुतो आणि मग वजन होतं. आमचा कारागीर इरण्णा, अक्कलकोटच्या बाजूचा, हाताला एकदम चोख. टेबलावर काळपट सोनं दिसलं, त्याने उचललं. धुतलं. आणि अण्णा आले की आपल्याला तमाखूची पुडी देतात, या प्रेमापोटी मशीनवर धरून पॉलिशही मारलं!

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. मोहर आरशासारखी लखलखत होती. अक्षरं बघायला त्यांनी भिंग लावलं. अक्षरं होतीच कुठे?

"इरण्णा," अण्णांनी भिंग खाली ठेवलं, "अरे, हिच्या अंगावरची दोनशे वर्षं पुसलीस रे!"

इरण्णाने हात जोडले. "अय्यो अण्णा, तुमाला म्हणून पॉलिशचं पैसं न्हाई लावलं की!"

शेठ आता धंद्याचं बोलले. "अण्णा, संग्राहक काय हिला हात लावणार नाही. नुसत्या सोन्याच्या भावात जाईल. मग विकायला हीच बरी."

अण्णांनी मोहर कापसात गुंडाळली. "तिला आता माझ्याशिवाय कोण आहे? ठेवायची!"

*

मग शेठनी पुण्याचे एक संग्राहक शोधून काढले. गृहस्थ सज्जन, इस्त्रीचा शर्ट, स्वतःचं भिंग घेऊन आलेले. सोन्याच्या भावाच्या कितीतरी वर द्यायला तयार. त्यांना अण्णांचे होन हवे होते.

अण्णांनी आधी त्यांना बसवलं. घरी कोण कोण असतं? मुलं काय करतात? मुलांना नाण्यांची आवड आहे का, की तुमच्यामागे सगळं भंगारात? कपाट लाकडी की लोखंडी? खोलीत ओल येते का?

गृहस्थ सगळ्याला उत्तरं देत होते. चांगला तासभर! मग अण्णांनी एक होन त्यांच्या तळहातावर ठेवला. गृहस्थांनी तो उचलून उजेडात धरला.

अण्णांनी होन परत घेतला. "माफ करा. तुम्ही अंगठा लावलात. नाणं कडेनं धरतात."

काकी कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थोरल्या लेकीच्या टायमाला जावयाला एक प्रश्न इचारला न्हवता ह्यांनी. मुलगा हाय का, व्हय, द्या पोरगी!"

*

शेवटी शेठ वैतागले. "अण्णा, चिठ्ठ्या टाका. नशिबात असेल ते जाईल."

अण्णा एकदम तयार झाले. तिथेच मला शंका यायला हवी होती. सोळा नाण्यांच्या सोळा चिठ्ठ्या त्यांनी स्वतः शाईच्या पेनाने लिहून आणल्या, नीट घड्या घालून. स्टीलच्या वाटीत टाकल्या. काकींनी देवाचं नाव घेतलं. मी डोळे मिटून एक उचलली आणि उघडली.

'घाई करू नये.'

मला वाटलं, चुकून आली असेल. दुसरी उघडली. 'घाई करू नये.' तिसरी, चौथी... सोळाच्या सोळा चिठ्ठ्यांवर एकच मजकूर, खाली बारीक रेघसुद्धा मारलेली!

शेठ हसले, इरण्णा हसला, मीही हसले. आधी काकीही हसल्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या उठत म्हणाल्या. "मी हाय तशी बरी हाय. किती दिस चालायचंय आता? नाणी ऱ्हाऊ द्या तुमाला."

त्यात टोमणा नव्हता, हीच वाईट गोष्ट होती. त्या दारापर्यंत गेल्या. उतरताना गुडघे वाकवता येईनात म्हणून वळल्या आणि दोन्ही हात टेकून, रस्त्याकडे पाठ करून, एकेक पायरी उतरल्या. रस्त्यावर येणारीजाणारी माणसं बघत होती. अण्णा काउंटरशी तसेच उभे. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की मी तोंड उघडलं असतं तर आमचं एक जुनं गिऱ्हाईक कायमचं तुटलं असतं.

मी वजनकाटा पुसत राहिले. पण अण्णांनी त्या पायऱ्या पाहिल्या होत्या.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही शटर उघडलं तर अण्णा बाहेर उभे. डब्यातून सहा बाटल्या काढून त्यांनी काउंटरवर ओळीने मांडल्या. त्यांतल्या चार होनांच्या होत्या. उरलेल्या दोन मोहरांच्या, आणि त्यांतली एक नातेपुत्याची. म्हणजे ज्यांच्या गोष्टी सगळ्यात लांब, नेमकी तीच सहा!

"अण्णा, ही?" मी म्हटलं. "ही तर तुमची सगळ्यात..."

"साधी विकली तर सगळीच जातील आणि तरी पुरणार नाहीत," अण्णा म्हणाले. "ही सहा गेली की भागतंय. मी हिशेब पहिल्याच दिवशी केला होता, सुनीता."

पहिल्याच दिवशी! सहा महिने त्या माणसाला उत्तर माहीत होतं. मला आदल्या दिवशीच्या रागाची जरा लाजच वाटली, आणि जरा रागही राहिलाच.

शेठनी पुण्याला फोन लावला. गृहस्थ तीन दिवसांनी आले. या वेळी अण्णांनी एकही प्रश्न विचारला नाही आणि एकही गोष्ट सांगितली नाही. फक्त प्रत्येक नाणं देताना त्यांचा हात धरून बोटं नीट कडेवर लावून दिली. सहा वेळा. गृहस्थांनी मुकाट्याने लावून घेतली. ते गेल्यावर इरण्णा न सांगता चहा घेऊन आला.

*

ऑपरेशनला चार महिने झाल्यावर मी आणि शेठ एका रविवारी अण्णांच्या घरी गेलो. तिथे आधीच एक पाहुणे होते, अण्णांच्या कारखान्यातले जुने साहेब. अण्णा त्यांना डबा उघडून एकेक नाणं दाखवत होते आणि गोष्टी रंगात आल्या होत्या. पॉलिशवाल्या मोहरेला तर आता सगळ्यात लांब गोष्ट मिळाली होती, इरण्णाच्या आवाजासकट!

दहावं नाणं परत कापसात गेलं तसे साहेब म्हणाले, "अण्णा, तुमच्याकडे सोळा होती ना? ही तर दहाच झाली. बाकीची सहा दाखवा की!"

अण्णांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "इंदू, जरा बाहेर येतेस का?"

काकी दोन्ही हातांत चहाचा ट्रे धरून आल्या. उंबरा ओलांडला, सरळ चालत हॉलच्या या टोकाला आल्या, ट्रे ठेवला. "साखर कमी वाटली तर सांगा," म्हणाल्या आणि तशाच ताठ चालत परत गेल्या.

अण्णा साहेबांकडे वळले.

"तीन डाव्यात, तीन उजव्यात."