लिदीला लावलेला कान

"चाक गूं म्हणालं की खलास, काम झालं, मॅडम," असं म्हणून तो घोड्यांच्या ट्रेलरच्या चाकाला कान लावायचा. चाकाला लीद. वाळलेली, ओली, दोन्ही. मग त्याच कानामागे पेन्सिल खोचायचा आणि तीच मला गाडी सोडायच्या कागदावर सहीला द्यायचा. तुम्हीही नाक मुरडलंत ना? मुरडा.

आखातात, रास अल खोरच्या त्या गॅरेजात मी ऑफिस सांभाळायची. हा देवगडकडचा इलेक्ट्रिशियन गाड्यांत ब्रेक कंट्रोलर बसवायचा. ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ छोटी डबी. ती मागच्या ट्रेलरच्या ब्रेकला करंट पाठवते, नाहीतर उतारावर ट्रेलरच गाडीला ढकलत नेतो. वायरी दातांनी सोलून प्लास्टिक थू करून माझ्या दाराशी. शेवटी कोणाला तरी डबीचा खटका दाबायला लावून स्वतः चाकाशी आडवा. करंट पोचला की ब्रेकमधलं चुंबक गुणगुणतं.

"हिरवा दिवा लागतो की," मी रुमालातून म्हणायची.

"तो डबीचा, मॅडम. चाकाचं चाकाला विचारायचं."

मी तेव्हा फार स्वच्छ बाई होते. पांढरे सँडल, टेबलावर अत्तर. इतकी स्वच्छ, की मालकाला सांगितलं, गिऱ्हाइकांना किळस येते, याला काढा. गिऱ्हाईक त्याच लिदीतून आलेलं असायचं, ही गोष्ट वेगळी. त्याचा व्हिसा रद्द झाला. जाताना त्याने आठवण म्हणून पेन्सिल दिली. मी ती टिश्यूत धरून कचऱ्यात टाकली.

नवा आला तो हातमोजेवाला. महिन्याभराने दोन घोडे घेऊन डोंगराकडे निघालेला ड्रायव्हर दारात 'यल्ला, यल्ला', चला चला, करत उभा. हिरवा दिवा लागलेला, फक्त माझी सही बाकी. पण 'तो डबीचा' हे जुन्याचं बोलणं आठवलं. मी देवगडला त्याला फोन लावला, हातमोजेवाल्याला खटका दाबायला सांगितलं आणि फोन चाकाला धरला.

"फोनात नाही कळत, मॅडम. कान लावा."

पांढऱ्या सँडलसकट गुडघ्यांवर बसले. लीद गालाला, कानाला लागली, कोमट. उजवं चाक गुणगुणलं. डावं गप्प.

"मग सही नको," तो म्हणाला. "डाव्या चाकाची अर्थिंगची वायर रंगावरच कसली असेल, रंगातून करंट जात नाही. रंग खरवडायला सांगा."

तसंच निघालं. रंग खरवडला, डावं बोललं, घोडे गेले. टेबलाशी येऊन मी फोनवर त्याला म्हटलं, मालकाशी बोलते, परत या.

"नको," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "कान पुसून घ्या, मॅडम. तुम्हाला किळस येते ना."

मालकाकडे मी तर गिऱ्हाइकांचं नाव पुढे केलं होतं; माझं त्याला कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. टिश्यूचा डबा हाताशीच होता. पण मी तशीच बसून राहिले, कानाला लीद घेऊन, अत्तराच्या बाटलीसमोर. शी.