साडूंनी चाखलेले तीन डॉक्टर

अख्ख्या कलकत्त्यात घरोघरी चहाचं बोलावणं घेऊन एकाही घरी चहा न पिणारा माणूस एकच होता, आणि तो साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. न पिणारा म्हणजे कप परत करणारा नव्हे. कप ते घेत, नाकाशी नेत, बंबातून वाफ सुटावी तसा आवाज करून एक घोट ओढत, तो गालातल्या गालात फिरवत आणि उठून मोरीत थुंकून येत. मग रुमालाने मिशा टिपून निकाल देत. "दूध चांगलं आहे," असं एकदा माझ्या बायकोला म्हणाले. म्हणजे चहा वाईट. ती बिचारी दोन दिवस जेवली नाही.

त्यांची नोकरीच ती. डलहौसी चौकाजवळच्या एका कंपनीत सकाळी ओळीने मांडलेल्या कपांतला चहा चाखायचा आणि कोणता माल कसा आहे ते सांगायचं. त्या जिभेपायी त्यांनी लसूण सोडला, कांदा सोडला, हिंगाची फोडणी सोडली. माझ्या मेव्हणीने संसार कसा केला असेल ते तिचं तिला ठाऊक. आमच्या मंडळाच्या गणपतीत सगळी मराठी माणसं मिसळीवर तुटून पडलेली असताना हे कोपऱ्यात उकडलेला बटाटा खात बसलेले असत, तोही बिनमिठाचा.

माझा त्यांच्यावर राग होता, आणि तो मी नीट जपून ठेवला होता. मी हावड्यात दुसऱ्याच्या लेथच्या कारखान्यात हातगाडी ओढण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःचा कारखाना उभा केला. लग्नासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा हे थोरले जावई म्हणून तिथे बसलेले. मी बाहेर पडतो न पडतो तोच सासऱ्यांना म्हणाले, "दम आहे, पण भट्टीत जास्त भाजला गेलाय." मी चपला घालत होतो. ऐकलं. लग्न झालं, मुलगी झाली, कारखान्यात दुसरं लेथ आलं, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आमच्या वृंदाला बारावं वर्ष लागलं तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या पहाटे बायको तिला तेल लावत होती. लावता लावता तिचा हात थांबला. पाठीवरचं खांद्याचं एक हाड दुसऱ्यापेक्षा वर आलं होतं आणि कणा मधूनच बाजूला सरकला होता. एक्स-रे काढला, तेव्हा मी कारखान्यात जसे वाकलेले शाफ्ट भंगारात टाकतो तसं काही तरी दिसलं. पोर वाढत होती. जे करायचं ते आत्ताच, आणि चुकीच्या हातात दिली तर जन्मभराचं, एवढं मला कळलं.

सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. तीन नावं उरली. भवानीपूरचे एक होमिओपॅथ, ज्यांच्या दारात गाड्या उभ्या असत. विलायतेला जाऊन आलेले एक मोठे सर्जन. आणि डमडमला छोटा दवाखाना चालवणाऱ्या हाडांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांचं नाव कुणी फारसं ऐकलं नव्हतं. माझा कल सर्जनकडे होता. एवढ्या पदव्या उगाच मिळतात का?

बायकोने मला न विचारता साडूंना बोलावलं. ते आले, घोट घेतला, थुंकून आले. मी पदव्या वाचायला लागलो तर त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

"नाव सांगू नका, शेठ. नाव आधी वाचलं की जीभ खोटं बोलायला लागते. आम्ही कपाखालची चिठ्ठी शेवटी बघतो."

"अण्णा, हा चहा नाही. माझी पोर आहे."

"म्हणूनच सांगतोय. कप सारखे, पाणी सारखं, वेळ सारखी. तिघांना एकच प्रश्न विचारायचा. आणि तो तुम्ही नाही विचारायचा, तुम्ही घासाघीस कराल. तो हिने विचारायचा." मग वृंदाकडे वळून म्हणाले, "काय गं, तुला काय विचारायचंय?"

तोपर्यंत तिला काही विचारायचं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती खाली बघत म्हणाली, "विश्वकर्मा पूजेला पतंग उडवता येणार का मला?"

मी चिडलो. पण तो दिवस आमच्या घरात मोठा. कारखान्यात यंत्रांची पूजा असते, अख्ख्या गावाचं आभाळ पतंगांनी भरतं आणि वृंदा गच्चीवरून गल्लीतल्या सगळ्या पोरांचे पतंग कापते. साडू म्हणाले, "झकास. तिन्ही कपांना हेच पाणी."

मग आमची वरात निघाली. दवाखान्याची पाटी दिसू नये म्हणून साडू भर उन्हात छत्री नाकापर्यंत खाली ओढून चालत आणि मी त्यांना दंडाला धरून आत नेई. लोकांना वाटे, पेशंट हेच. आत गेल्यावर ते कोपऱ्यात डोळे मिटून बसत.

होमिओपॅथ गोड माणूस, बंगाली रीतीने लहान पोरीलाही माँ म्हणणारा. "पतंगच काय, माँ, तू विमान उडवशील," म्हणाले. मी गोळ्या सहा महिन्यांऐवजी तीन महिने म्हटलं, तेही त्यांनी लगेच कबूल केलं. मला तर सौदा पसंत पडला. बाहेर येऊन साडू म्हणाले, "रंग सुरेख. खाली काही नाही."

सर्जन एक्स-रेकडे बघत होते. ऑपरेशन लगेच करायला हवं म्हणाले, आणि कसं करायचं ते मला स्वच्छ समजावलंही. वृंदाने प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी उत्तर मला दिलं, "मुलीला म्हणावं, आता शिवणकाम शिक." साडू जिन्यात म्हणाले, "माल अस्सल आहे. वेळ पडली तर इथेच येऊ. पण आज हा कप आपला नाही."

डमडमच्या बाईंनी आधी वृंदाला वाकायला लावलं, चालायला लावलं, मग तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, पट्टा लावावा लागेल, कमरेपासून हनुवटीपर्यंत, लोखंडी सळ्यांचा, झोपतानाही. वाढ थांबेपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षं. तरीही वाक वाढला तर ऑपरेशन, आणि त्यासाठी त्या स्वतः मोठ्या सर्जनकडे पाठवतील.

"दोन वर्षांत करा," मी म्हटलं.

"हाडाशी बोला. ते कबूल झालं तर माझी हरकत नाही."

साडूंनी पहिल्यांदा एक डोळा उघडला. वृंदाने विचारलं. बाई म्हणाल्या, "उभं राहून नाही. मान मागे जाणार नाही तुझी. आडवं पडून उडवता येतो का, ते मला माहीत नाही. तू करून बघ आणि मला येऊन सांग."

रस्त्यावर आलो. साडू छत्री मिटत म्हणाले, "आता पाटी वाचून दाखवा." मी वाचली. दोनच अक्षरं होती पदवीची. ते मान डोलवत राहिले. मी वृंदाकडे बघितलं, तर ती आभाळाकडे बघत होती, मान मागे टाकून, तेवढे दिवस मिळतायत तोवर. मग म्हणाली, "बाबा, यांच्याकडेच."

पट्टा आला तेव्हा घरात रडारड झाली, ती लिहीत नाही. पण पुढच्या विश्वकर्मा पूजेला मी कारखान्यातली पूजा उरकून घरी आलो आणि गच्चीवर गेलो, तर चटईवर वृंदा उताणी पडलेली, सळ्या उन्हात चमकतायत, आणि तिच्या डोक्याशी माझे साडू, इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता मांडी घालून, हातात फिरकी. मांज्याने बोट कापलेलं. "ढील दे काका, ढील दे," ती ओरडत होती, आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात मिठाचा खडा जिभेला लावला नाही तो कापलेलं बोट तोंडात धरून बसला होता. समोरच्या गच्चीवरचा लाल पतंग कापला गेला तेव्हा त्यांनी बोट काढून निकाल दिला, "पहिल्या प्रतीचा."

पट्टा सुटला तेव्हा वृंदा साडी नेसायला लागली होती. थोडा वाक राहिलाच आहे. माहीत असणाऱ्यालाच दिसतो. ऑपरेशनची वेळ आली नाही.

त्याच वर्षी साडू निवृत्त होऊन नाशिकला निघाले. हावड्याला गाडी लागली होती. वृंदा गर्दीतून चहाचा मातीचा कुल्हड सांभाळत आली आणि खिडकीतून म्हणाली, "काका, चहा खाल?" इथे वाढलेली पोर, बंगालीत चहाही खातात, तेच मराठीत आणते. स्टेशनचा चहा तो, सकाळपासून उकळणारा. मी म्हटलं, आता हे खिडकीतून बाहेर थुंकणार, आणि एक पाऊल मागे सरलो.

सरता सरता मला राहवलं नाही. "अण्णा, मुलगी बघायला आलो होतो तेव्हा माझ्याबद्दल एक बोलला होतात."

"आठवतं," ते म्हणाले. "चूक झाली. सासऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, मुलगा हातगाडी ओढायचा, तापट आहे. मी चिठ्ठी वाचून चाखलं."

नवा निकाल काही त्यांनी दिला नाही, मीही मागितला नाही. आयुष्यात घासाघीस न करता मी सोडलेली तेवढी एकच गोष्ट. शिट्टी झाली. त्यांनी कुल्हड तोंडाला लावला, आवाज न करता, आणि चहा गिळताना त्यांचा कंठ हललेला मी पहिल्यांदा पाहिला. गाडी हलली तरी ते पीतच होते, वृंदाकडे बघत. ती फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर धावत गेली, अगदी ताठ.