पारूला सांगितलेला निरोप

हे मी आजवर कुणाजवळ काढलं नाही. पोरीजवळ तर नाहीच. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायची सवय नाही — पण तोंडानं सांगायला गेलो तर पुन्हा भलतंच बोलून बसेन. म्हणून लिहितोय.

पारू, माझी बायको, जाऊन सहा महिने झाले. आमची दोघांची हयात सोलापुरात चादरीच्या कारखान्यात गेली. मी मागावर, ती सुताच्या कांड्या भरायला. मागांचा खडखडाट असा, की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही. तिथं सगळे ओठांनीच बोलतात — आवाज काढून करायचं काय? त्या खडखडाटानं पारूचे कान चाळिशीतच गेले. पण ओठ असे वाचायची, की मी पुटपुटून शिवी हासडली तर म्हणायची, "दिसली बरं का."

आमची एकुलती एक वैशाली जर्मनीला कापडाचंच शिकायला गेली. मी नको म्हणत होतो. पारू म्हणाली, "जाऊ द्या की. आपुन मागाम्होरं उभं ऱ्हाऊन म्हातारं झालो, ती तरी खुर्चीत बसंल." पोरगी निघाली तेव्हा मी तिच्याशी बोललो नाही. स्टेशनवरही गेलो नाही.

फोनवर पारूला ऐकू यायचं नाही, आणि फोनमधल्या चित्रात पोरीचे ओठ अडकत अडकत हलायचे. म्हणून वैशाली लिहून पाठवायची. पारूला अक्षर येत नव्हतं. मी निरोप वाचायचो, पारू माझे ओठ वाचायची.

लई लिहायची पोरगी. तिथं रविवारी दुकानं बंद. मोठा आवाज चालत नाही, कपडे धुवायचं मशीनसुद्धा लावायचं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी माणसं लाल दिव्यापाशी थांबून राहतात. कुणाच्या घरी जायचं तर आधी विचारून, दिवस ठरवून. यावर पारू लई हसली — "मग घरातलं पीठ सपलं तर काय करत्यात?"

आणि दर निरोपाची सुरुवात एकच. 'आप्पा, आईला सांगा.' मी कोण होतो मग? टपालवाला?

लिहायला लाज वाटते — बायकोचा हेवा. पण तेच होतं. दुसरं काय म्हणू?

गेल्या दिवाळीनंतर एक निरोप आला. पाठ आहे मला. तिच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी एकटीच राहते. पोरगी तिला शेंगाचटणी द्यायला गेली, तेव्हापासून ती दर रविवारी हिला बोलावते. 'माझी भाषा कच्ची, म्हणून ती ओठ हळूहळू हलवून बोलते, आपण आईशी बोलतो तसं. मग मला राहवत नाही. आईला विचारा, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येऊ का? ती ये म्हणाली तर येते.'

पारू समोरच होती. पोरीला पाठवायला ज्वारीच्या कडक भाकरी करत होती, महिनाभर टिकणाऱ्या. हात पुसून माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

आणि मी ओठ हलवले. "तिला तितं दुसरी आई घावली, खालची एकटी म्हातारी. दर ऐतवारी तिच्याकडंच असती. गड्ड्याला येत न्हाय."

आवाजसुद्धा काढला नाही.

तिनं उरलेल्या पिठावर परात पालथी घातली. त्यानंतर तिनं कडक भाकरी केली नाही. पोरीला मी लिहिलं — 'आई म्हणते, येऊ नको, अभ्यास बघ.'

खरं सांगायला दोन महिने होते. रोज ती समोर बसायची, रोज माझ्या तोंडाकडं बघायची. मी म्हणायचो, उद्या. माघात तिची छाती भरली. दवाखान्यात तोंडावर नळीचा मुखवटा लावलेला. तिनं तो बाजूला सारला आणि नुसत्या ओठांनी म्हणाली, "वैशूला म्हणावं, त्या म्हातारीला जप. एकटी हाय बिचारी."

मी वाचलं. नीट वाचलं. पण पोरीला ते सांगितलं नाही — ते सांगायचं तर त्याच्या मागचं सगळं सांगावं लागलं असतं.

वैशाली पोचली ती राख सावडायला. घरी आल्यावर मला एकटं गाठून विचारलं, "आप्पा, आई खरंच ये म्हणाली नव्हती?" मी मान हलवली. नाही म्हणून.

आता निरोप माझ्या नावानं येतात. 'आप्पा, जेवलात का?' तिकडं उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हातारी तिला विणायला शिकवते, असं बरंच काही. 'आईला सांगा' कुठंच नसतं. मला पाहिजे होतं तसंच झालं. मी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचतो. वाचताना ओठ हलतात, सवय आहे. समोर कुणी नसतं.