सलाईनवर चाललेली गाडी

आमच्याकडे गाडी आली ती श्रीमंतीमुळे नव्हे, बाबांच्या डाव्या गुडघ्यामुळे. स्टेशनच्या जिन्यावर घसरून त्याची वाटी फुटली, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिने कायमचे बंद केले. नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात, घर बदलापूरला हेंद्रेपाड्यात, आणि रोज रिक्षा काही परवडणारी नव्हती. गाडी जमली नाही तर राजीनामा, एवढंच उरलं होतं. हा माणूस पन्नाशीत घरी बसला तर आधी स्वतः खचेल आणि मग आपल्याला खाईल, असं आई म्हणायची. त्यातली चेष्टा किती आणि भीती किती, ते मला कळायचं.

कारखान्याची जीप चालवून बाबांचा हात बसलेला होता. प्रश्न क्लचचा होता. जुन्या गाडीचा क्लच जड, आणि तो दाबायचा डाव्याच पायाने. हे घरात कुणी बोलत नव्हतं. बोलणं सगळं ॲव्हरेजचं.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जुन्या गाड्या विकणारे एक सिंधी शेटजी होते. त्यांनी क्रीम रंगाची एक गाडी दाखवली. वयाने माझ्याएवढी, पण माझ्याहून टापटीप.

"साहब, लिटरला सोळा देते. खोटं वाटत असेल तर बाटली लावून बघा ना!"

तेव्हा ॲव्हरेज असंच बघत. टाकीची नळी काढून इंजिनाला एक लिटर पेट्रोलची बाटली जोडायची आणि ती रिकामी होईपर्यंत गाडी चालवायची. शेटजींची बाटली सलाईनची होती. त्यांच्या मिस्त्रीने ती दाराबाहेरच्या आरशाला टांगली.

"यांची सुटली, आता हिला लावली," आई पुटपुटली.

बाबा चालवायला बसले, शेटजी त्यांच्या शेजारी आणि आम्ही दोघी मागे. बदलापूरच्या दिशेने निघालो. उतार आला की बाबा इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून देत, तेव्हा सगळेच तसं करत. शेटजी खूश. "बस, ऐसेच. क्लच कमी, ब्रेक कमी."

अंबरनाथ आलं आणि आई म्हणाली, "अहो, थांबा जरा. भाजी घेते."

"भाभी, टेस्ट चालू आहे!"

"टेस्ट तुमची. जेवण माझं."

गाडी थांबली, परत निघाली. थोडं पुढे गेल्यावर तिला फुलं आठवली. मग ऐन बाजाराच्या गर्दीत तिने बाबांना गल्लीत वळायला लावलं, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नाही. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. शेटजी बाटलीकडे बघून उसासे टाकत होते. मला आईचा भयंकर राग आला. हिला गाडी नकोच आहे, म्हणून मुद्दाम पेट्रोल जाळतेय, अशी माझी खात्री झाली. तिचं तर बाटलीकडे लक्षही नव्हतं. ती पुढच्या आरशात बघत बसली होती.

बदलापूरच्या बंद रेल्वे फाटकाशी गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. बाटली रिकामी.

शेटजींनी किलोमीटरचा आकडा बघितला. "अकरा," ते ओशाळून म्हणाले. "भाभी, आपने भी तो बाजार फिराया..."

बाबांचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. त्यांच्याकडे मला बघवेना.

"घेतोय आम्ही गाडी," आई म्हणाली.

"अगं, अकराच पडले," बाबा म्हणाले.

"पडू देत. दुखलं की तुम्ही ओठ चावता. विचारलं तर 'काही नाही' म्हणता. एवढं फिरवलं तुम्हाला, एकदा तरी चावलात का?"

बाबांनी मान हलवली. नाही.

आईने भाजीच्या पिशवीतून झेंडूचा हार काढला, नारळ काढला, कुंकवाची पुडी काढली. म्हणजे अंबरनाथलाच तिचं ठरलं होतं. रुळांच्या कडेच्या दगडावर तिने नारळ फोडला आणि बॉनेटवर हार ठेवला. मग बाबांच्या बाजूचं दार उघडून, आत वाकून, तिने क्लचच्या पेडलला कुंकू लावलं. उठताना तिचा हात त्यांच्या गुडघ्यावर राहिला. बाबांनी तो धरून ठेवला, सगळ्यांसमोर, आणि माझे डोळे भरून आले.

फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तसे शेटजी आणि मी ढकलायला उतरलो.