अपघातांचं घराणं

माझ्या सासरच्या घराण्यात कोणाचे दात कधी खराब नव्हते. ते फक्त अपघातात जात. सासऱ्यांना तरुणपणी बैलाने लाथ मारली, म्हणून कवळी. चुलतसासरे मोटारसायकलवरून पडले. नवऱ्याला क्रिकेटचा चेंडू लागला, म्हणून पुढच्या दातांवर टोप्या. लग्नाच्या अल्बममध्ये सासरचे पुरुष ओळीने तोंड मिटून उभे आहेत. मी त्याला भारदस्तपणा समजले. माझी अक्कलही तेवढीच.

मुलीचे दात आले ते पिवळट, खडूसारखे. पाच वर्षांची झाली तरी तिला गार पाणी सोसत नव्हतं, भाकरीचा पापुद्रा चाववत नव्हता. सासूबाई ते दात रोज मीठ-कोळशाने घासायच्या आणि वर मला ऐकवायच्या, "बाळंतपण माहेरी दोंडाईच्याला केलंस ना, तिथलं पाणी बाधलं."

शेवटी मी तिला धुळ्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. नवरा सोबत होता. सैल कवळी दाखवायची म्हणून सासरेही आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दातांवरचा थरच नीट बनलेला नाही. घासून आणखी झिजतील. घरात अजून कोणाचे असे आहेत?"

"नाही," नवरा भिंतीवरच्या चित्राकडे बघत म्हणाला.

"नीट आठवा. घराण्यातलं असेल तर पक्के दातही असेच येणार. मग दाढांवर आत्ताच टोप्या घालायला हव्यात. नसेल, तर थोडं थांबून बघू."

"थांबू या की," नवरा म्हणाला. " दुधाचेच आहेत, पडतील."

मुलगी गालाला हात लावून बसली होती. दाढा तिच्या झिजणार होत्या, अब्रू यांची जाणार होती, आणि यांना अब्रूच जास्त दुखत होती. मी सासऱ्यांकडे वळले.

"आबा, तो बैल कोणत्या रंगाचा होता हो?"

आबांनी सैल कवळी जिभेने जागेवर बसवली. मग डॉक्टरबाईंना म्हणाले, "बैल नव्हता. मना बठ्ठा दात असाच व्हतात." "तुमचे सगळेच?" म्हणत डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं.

नवऱ्याला चेंडूचं विचारायची गरज पडली नाही. त्याचा हात आपोआप तोंडावर गेला होता.

दोन खेपांत दाढांवर स्टीलच्या टोप्या बसल्या. आठवड्याभरात पोरगी पापुद्र्यासकट भाकरी खाऊ लागली. सासूबाईंनी तिला जवळ घेऊन शिकवलं, "कोणी विचारलं तर सांग, पायरीवरून पडले होते."

"पण आजी," ती भाकरी चावत म्हणाली, "आबांचा बैल तर खोटा निघाला ना."